सेन्सेईच्या हातातलं फडकं



नोव्हेंबर संपत आला की आमच्या बेळगाव भागात जुन्या गोव्याला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. कोणी बसने जातं, कोणी रेल्वेने. काहींचा नवस असतो, ते घाट उतरून पायी जातात. ३ डिसेंबरच्या फेस्ताला संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापुढे आपण गुडघे टेकतो आणि मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, आईचं दुखणं असं मनातलं सगळं त्यांच्यापुढे ठेवतो. आपल्यासाठी ते ‘गोंयचो सायब’. पण गेल्या दीड वर्षात मला त्यांचं आणखी एक रूप जवळचं वाटू लागलंय. ते म्हणजे जपानमधला परदेशी शिक्षक. याला कारण माझी भाची.

आधी संतांविषयी सांगते. १५४९ च्या एप्रिलमध्ये ते गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, जपानच्या दक्षिणेला कागोशिमा इथं उतरले. सोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता. तो त्यांना मलाक्कात भेटला, गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. झेवियर हे पॅरिसमध्ये शिकलेले, तिथं तत्त्वज्ञान शिकवलेले गृहस्थ. कागोशिमात मात्र त्यांना बोलता येईना. लोक आपल्याविषयी काय काय बोलतात आणि आपण त्यांच्यात पुतळ्यासारखे उभे असतो, अशा अर्थाचं त्यांनी गोव्यातल्या बांधवांना पत्रातून कळवलं होतं. मग रोमन अक्षरांत लिहून घेतलेलं जपानी भाषेतलं धर्मशिक्षण ते लोकांपुढे वाचून दाखवू लागले. उच्चार ऐकून लोक हसायचे. देवासाठी अंजिरोने सुचवलेला ‘दाइनिची’ हा शब्द ते वापरत होते. पुढे कळलं की ते तिथल्या एका पंथातल्या मुख्य बुद्धाचं नाव आहे. तेव्हा तो शब्द सोडून त्यांनी ‘देउस’ हा लॅटिन शब्द घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ते जपानमध्ये जेमतेम सव्वादोन वर्षं होते. त्यातला किती काळ शिकवण्यात गेला आणि किती शिकण्यात, याचा हिशेब कोण करणार?

आता भाचीविषयी. माझ्या अक्काची ही मुलगी इंग्रजी घेऊन बीए झाली आणि ‘जेट’ नावाच्या योजनेतून जपानला गेली. १९८७ मध्ये जपान सरकारने ही योजना सुरू केली. वेगवेगळ्या देशांतले पदवीधर तरुण तिथल्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जातात. आजवर ७० हजारांहून जास्त जण असे जाऊन आलेत. वर्षा-वर्षाचा करार असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. भाचीला ईशान्येकडच्या मियागी प्रांतात, समुद्राजवळच्या एका लहानशा गावातली शाळा मिळाली. आमची रविवारची दुसरी मिस्सा आटोपते तेव्हा तिथं दुपार झालेली असते. चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली उभी राहून मी तिचा फोन घेते.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला एक शब्द शिकवला. जपानमध्ये शिक्षकाला ‘सेन्सेई’ म्हणतात. त्या दोन अक्षरांचा सरळ अर्थ ‘आधी जन्मलेला’. “मावशी, पन्नाशीचे सरसुद्धा मला सेन्सेई म्हणतात बघ,” ती हसत सांगत होती. “आणि मला कचऱ्याचा कागद वाचता येत नाही!” तिथं जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेली पिशवी तशीच दारात राहते, वर एक चिठ्ठी चिकटवून. ती चिठ्ठीही जपानीतच. शेजारच्या आजींनी हातवारे करून तिला वार समजावले. आधी जन्मलेल्या खऱ्या त्या आजीच.

शाळेतही तसंच. बाहेरचे बूट दारात काढून आतले घालायचे, एवढं तिला ठाऊक होतं. पण संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीतून निघताना ‘तुमच्या आधी निघते, क्षमा असावी’ या अर्थाचं वाक्य म्हणायचं असतं, गावाहून परतताना सगळ्यांच्या टेबलावर ठेवायला खाऊची एकेक पुडी आणायची असते, हे एकेक करून कळत गेलं. दुपारचं जेवण वर्गातच. पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलं सगळ्यांना वाढतात. शेवटच्या मुलाचं ताट भरेपर्यंत कुणी घास उचलत नाही, मग हात जोडून सगळे एकदम ‘इतादाकिमास’ म्हणतात. नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. बेळगावच्या बासमतीवर वाढलेल्या आमच्या मुलीला आंबवलेल्या सोयाबीनची ती चिकट, तारा सुटणारी नात्तो काही जाईना. पण ताटात टाकायचं नाही, हे तिला आमच्या आईनं लहानपणीच शिकवलं होतं. त्याचा तिथं उपयोग झाला.

थंडी पडली तसा तिचा आवाज उतरत गेला. वर्गात एक रॉकेलची शेगडी आणि तिच्यापासून दूर बसलेली मुलं कुडकुडत. शिकवणं मुख्य शिक्षकांचं. ही बाजूला उभी. त्यांनी खूण केली की पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं. असं काम करणारे कित्येक जण स्वतःला थट्टेनं ‘जिवंत टेपरेकॉर्डर’ म्हणवून घेतात म्हणे. जानेवारीत पुढच्या वर्षी राहणार की नाही हे लिहून द्यायचा कागद आला आणि त्या रविवारी ती म्हणाली, “मावशी, दिवसभर माझ्याशी कुणी मनातलं असं काही बोलत नाही. मी तिथं आहे काय आणि नाही काय.” पुतळा हा शब्द तिनं वापरला नाही, पण मला संतांचं ते पत्रच आठवलं. ये परत, असं तोंडावर आलं होतं. अक्काला तर तेच हवं होतं. मी एवढंच विचारलं, “दिवसातली कुठली वेळ बरी जाते?”

थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, “झाडलोटीची.”

तिथं शाळेत झाडलोट मुलं आणि शिक्षक मिळून करतात. रोज जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं गाणं लावतात, प्रत्येक गटाला जागा ठरवून दिलेली. घरून जुन्या टॉवेलची शिवलेली फडकी आणतात, त्यांना ‘झोकिन’ म्हणतात. भाचीच्या वाट्याला जिना आला होता. तिच्या गटात दुसरीतला, म्हणजे आपल्याकडच्या आठवीतला, एक मुलगा होता. वर्गात कधी तोंड न उघडणारा. प्रश्न विचारला की मान खाली. एक दिवस ही बादलीपाशी फडकं पिळत होती, आपण पिळतो तसं, आडवं धरून. तो बघत राहिला. मग जवळ येऊन त्यानं स्वतःचं फडकं उभं धरलं, बॅट धरावी तसा एक हात वर आणि एक खाली, आणि पिळून दाखवलं. पाणी थेट बादलीत गेलं, बाहीला थेंब नाही. हिनं करून पाहिलं, चुकलं. त्यानं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तो खुदकन हसला आणि इंग्रजीत म्हणाला, “गुड, सेन्सेई.” तिनं ऐकलेलं त्याचं पहिलं इंग्रजी वाक्य ते.

पुढे तो वर्गात घडाघडा बोलू लागला असं काही झालं नाही. अजूनही मान खालीच असते. पण सकाळी बूट बदलताना तो तिच्याकडे बघून मान लववतो आणि ती त्याच्याकडे बघून. भाची म्हणते, शाळेत आपलं कुणी आहे असं तेव्हा वाटतं.

वाचकहो, हे ऐकल्यापासून पवित्र गुरुवारचा पायधुणीचा विधी माझ्या डोळ्यांपुढे वेगळा उभा राहतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले हे आपण मुलांना शिकवतो. त्यासाठी तो कमरेला टॉवेल गुंडाळून जमिनीवर बसला होता, हे सांगायला मात्र आपण फार थांबत नाही. जमिनीवर बसलेला माणूस वरून बोलू शकत नाही. त्याला समोरच्याकडे मान वर करून बघावं लागतं. आणि पेत्रानं पाय मागे घेतले, तशी समोरची माणसं सहजासहजी जवळ येऊ देत नाहीत. त्यांचं मन होईपर्यंत थांबावं लागतं. परदेशी शिक्षकाला ती जागा न मागता मिळते. त्याची भाषा, त्याची पदवी, गावातली ओळख, सगळं विमानतळावरच राहतं. काही जण त्यानं कडवट होतात, दिवस मोजतात. काहींच्या हातात कुणीतरी फडकं देतं.

भाचीच्या गावापासून रेल्वेनं तासाभरावर इशिनोमाकी हे शहर आहे. फेब्रुवारीत ती तिथं जाऊन आली. टेलर अँडरसन ही अमेरिकेतली, व्हर्जिनियाची मुलगी. जेट योजनेतूनच आलेली आणि इशिनोमाकीच्या शाळांत इंग्रजी शिकवणारी. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ती शाळेतल्या मुलांजवळ थांबली, त्यांना घ्यायला आईवडील येईपर्यंत. मग सायकलवरून घराकडे निघाली आणि वाटेत त्सुनामीनं तिला गाठलं. वय चोवीस. त्याच लाटेत उत्तरेकडच्या रिकुझेनताकाता इथं मॉन्टी डिक्सन हा अलास्काचा तरुण शिक्षकही गेला. टेलरला पुस्तकांचं वेड होतं, म्हणून तिच्या आईवडिलांनी तिथल्या शाळांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. ती ठेवायची कपाटं गावातल्या एका सुतारानं केली. त्याची तिन्ही मुलं त्सुनामीत गेली होती. टेलरनं त्यांना शिकवलं होतं.

एका बाजूला मुलगी गमावलेले परदेशी आईबाप आणि दुसऱ्या बाजूला तीन मुलं गमावलेला जपानी बाप. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण त्या कपाटातली पुस्तकं दुसऱ्यांची मुलं वाचतात. दुःखी जनांचं सांत्वन होईल असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. ते सांत्वन कधीकधी रंधा मारलेल्या लाकडाच्या रूपानंही येत असेल.

हे सांगून झाल्यावर भाची म्हणाली, “मावशी, माझी शाळा किनाऱ्याला किती जवळ आहे, हे आईला सांगू नकोस हं.” मी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी अक्काकडे गेले तेव्हा विषय तिनंच काढला. नातेवाइकांच्या एका मुलाकडून तिनं मोबाइलवर नकाशा केव्हाच बघून घेतला होता. “मला माहिती आहे की,” रोझरीचे मणी पुढे सरकवत ती म्हणाली. “म्हणून तर रोज एक रोझरी जास्त करते. तिला सांगू नकोस.” दोघींचीही गुपितं सांभाळत मी चहा प्याले.

भाचीनं कागदावर ‘राहणार’ असं लिहून दिलं. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन आली आणि पार्सलचा खर्च किती येतो विचारू लागली.

जपानमध्ये ख्रिस्ती माणूस शंभरात जेमतेम एक. भाची जवळच्या शहरातल्या चर्चला जाते. तिथं मिस्सेला जपानी आजी-आजोबांबरोबर फिलिपिन्स आणि व्हिएतनामचे कामगारही असतात. शांतीची खूण करताना हात मिळवत नाहीत, एकमेकांना वाकून नमस्कार करतात. जपानी वाचन तिला अजून नीट कळत नाही. पण त्या रविवारची वाचनं तीच, जी आपण इथं ऐकतो. आदल्या रात्री मी तिला मराठीतला उतारा फोटो काढून पाठवते.

आमच्या कॅटेकिझमच्या वर्गात लष्करी वसाहतीतली मुलं येतात. कुणी तमिळनाडूचं, कुणी झारखंडचं, कुणी मिझोरामचं. दोन-तीन वर्षांत बदली झाली की निघून जातात. मराठी न कळणारं एखादं पोर भिंतीकडेला गप्प बसलेलं असतं. हल्ली वर्ग सुरू होताना मी अशा एका मुलाला पुढे बोलावते आणि त्याच्या भाषेत क्रुसाची खूण कशी करतात ते मला शिकवायला सांगते. माझे उच्चार ऐकून वर्ग पोट धरून हसतो. हसू द्यावं. कागोशिमातही लोक हसलेच होते.

येत्या फेस्ताला जुन्या गोव्याला जाल, तेव्हा आपापल्या मागण्यांबरोबर एक मागणं परक्या गावात शिकवणाऱ्यांसाठीही ठेवा. आपल्या भागातली कितीतरी मुलंमुली आज दूरच्या देशांत आहेत. आणि आपल्या गावात बाहेरून आलेले शिक्षक, नर्स, सिस्टर, फादर आहेत, त्यांच्यासाठीही. त्यांना आपल्याकडचं फडकं कसं पिळायचं हे कुणी दाखवलंय का, तेही एकदा बघा.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आमच्यात परका म्हणून आलास आणि आमची भाषा आईच्या मांडीवर शिकलास. जे परक्या देशात शिकवतात त्यांना शिकण्याची नम्रता दे. जे एकटे आहेत त्यांना एक तरी ओळखीचा चेहरा दे. समुद्राने ज्यांची मुलं नेली त्यांना तुझ्या हृदयाशी धर. आणि घरी रोझरी करत बसलेल्या आयांना शांत झोप दे. आमेन.