न उघडलेला पोंगा

आंध्र प्रदेशात एलुरूजवळ, पेदवेगीच्या पट्ट्यात मी तेलताडाच्या रोपवाटिकेत कामाला लागले. माहेर विदर्भातलं, संत्र्याच्या बागांतलं. संत्र्याला ताण द्यायचा, पानं मलूल झाली की पाणी सोडायचं आणि बहार धरायचा, हे लहानपणापासून बघितलेलं. तेलताड तसा वागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही मोठ्या पिशव्यांतल्या रोपांचे तीन गट केले. वाफशावरच्या पिशवीचं वजन आधी करून ठेवलं होतं. रोज सकाळी पिशवी काट्यावर ठेवायची. जितकं वजन घटलं तितकं पाणी एका गटाला पूर्ण, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला चौथाई.

सुरुवातीला तिन्ही गट सारखेच हिरवेगार. बघायला आलेले शेतकरी विचारायचे, "मग एवढं पाणी कशाला घालता?" मी त्यांना भर दुपारी पानाला हात लावायला सांगायची. पाणी प्यालेलं पान गार लागतं, तहानलेलं कोमट. तहानलेलं रोप पर्णरंध्रं मिटून घेतं, बाष्प बाहेर पडत नाही, म्हणून पान तापतं. पाणी वाचतं खरं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्याच रंध्रांतून आत यायचा असतो. रोप हिरवं दिसतं आणि आत उपाशी असतं.

खरी खूण मधल्या पोंग्यात. धडधाकट रोपात पोंगा वर येतो, उलगडतो, मागून दुसरा येतो. चौथाई पाण्यावरच्या रोपांत पोंगे वर आले, पण उघडेनात. भाल्यांसारखे एकमेकांना खेटून उभे. मग खालच्या जुन्या पानांचे शेंडे करपू लागले. पूर्ण पाण्यावरच्या रोपांना सुट्या पात्यांची पानं फुटली, तेव्हा यांची पानं अजून दोन फाकांचीच होती.

पुन्हा भरपूर पाणी सुरू केलं, तसे अडकलेले पोंगे एकापाठोपाठ उघडले. त्या दिवसांत मी रोज सकाळी आधी त्याच रांगेत जायची. पण आखूड निघालेली पानं आखूडच राहिली. एकदा उलगडलेलं पान नंतर वाढत नाही.

मोठ्या झाडाचं दुखणं आणखी उशिरा कळतं. त्याला ताण बसला की मादी फुलोरे कमी होतात, नर वाढतात, आणि घडांची ही तूट दीड-दोन वर्षांनी दिसते. तोवर त्या कोरड्या उन्हाळ्याची आठवणही कुणाला राहत नाही.

२०२१ मध्ये केंद्राचं तेलताड अभियान सुरू झालं, त्याला अनुदानही आहे. लागवडीचा विचार करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : रोप घेताना नुसता हिरवेपणा बघू नका, पोंगे मोजा. दोन-तीन मिटलेले दिसले तर ते रोप घेऊ नका. आणि त्याही आधी आपल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी मोजा. वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात रोज दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, आणि हेक्टरी झाडं बसतात १४३.