अंधारी रात्र आणि पट्टेरी मासा

या लेखाचा मथळा वाचून माझ्या परिचितांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. ज्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या मत्स्याहार झाला नाहीं, ज्यानें उभा जन्म रघुवंशाचे सर्ग आणि भूगोलाचे नकाशे शिकविण्यांत घालविला, त्या अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त मास्तरानें मासे धरण्याविषयीं लिहावें, हें कोणासहि विचित्रच वाटणार. परंतु गेल्या वर्षीं श्रावणांत घडलेली एक गोष्ट मनांतून जात नाहीं, आणि ती सांगावयाची तर मासा टाळून सांगतां येत नाहीं.

माझे चिरंजीव अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स राज्यांत, प्लिमथ गांवाजवळ राहतात. आम्ही उभयतां गेल्या वर्षीं चार महिने त्यांच्याकडे होतों. तेथील किनाऱ्यावर उन्हाळ्यांत ‘स्ट्राइप्ड बास’ नांवाचा मासा येतो. त्याच्या रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा असतात. म्हणून मी त्यास पट्टेरी मासा म्हणतों. वसंत ऋतूंत तो चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्या, हडसन नदी इत्यादि ठिकाणीं गोड्या पाण्यांत अंडीं घालतो, मग समुद्रमार्गानें उत्तरेकडे येतो, आणि थंडी पडूं लागली कीं परत दक्षिणेस जातो. रात्रीं तो भक्ष्याच्या शोधांत अगदीं उथळ पाण्यांत येतो. म्हणून तेथील षोकी लोक रात्ररात्र गळ टाकून उभे असतात. माझा चौदा वर्षांचा नातू त्यांपैकींच एक.

सौ.ला हें मुळींच रुचलें नव्हतें. “आपल्या कुळांत हें कोणी केलें आहे का?” असें ती सुनेस विचारी, आणि सून बिचारी निमूटपणें भांडीं आवरी. घरांतील ही धुसफूस मिटावी म्हणून मीच म्हणालों, “एकदां त्याच्याबरोबर जाऊन पाहतों, मग बोलूं.”

तो दिवस नारळी पौर्णिमेचा. नातू भरतीचें कोष्टक पाहत बसला होता. मी म्हणालों, “कोष्टक कशाला? तिथीची पाऊणपट कर. पौर्णिमेची पंधरावी तिथि, म्हणजे सव्वा अकरा. तुमचीं घड्याळें उन्हाळ्यांत एक तास पुढें असतात, म्हणून सव्वा बारा.” कोष्टकांतहि भरती मध्यरात्रीच्या सुमारासच दाखविली होती. कोंकणच्या किनाऱ्यावरील हा आडाखा अटलांटिक महासागराच्या कांठींहि जुळावा याचें त्यास मोठें नवल वाटलें. बंदराबंदराप्रमाणें भरतीची वेळ बदलते खरी. परंतु योगायोगानें बोस्टन-प्लिमथकडील वेळ आपल्या मुंबईकडील वेळेच्या बरीच जवळ आहे. “हें तुम्हांला कोणी शिकवलं, आजोबा?” असें त्यानें विचारलें. “माझ्या एका विद्यार्थ्यानें,” असें मी सांगितलें. त्या वेळीं याहून अधिक बोललों नाहीं.

त्या रात्रीं समुद्र पाहावा असा होता. वाळूवर आपली सांवली स्पष्ट दिसत होती. पौर्णिमेस सूर्य, पृथ्वी व चंद्र एका रेषेंत येतात, त्यामुळें उधाण येतें. पाणी जोरानें आंत शिरतें, जोरानें ओसरतें, आणि त्या ओढींत लहान मासे खाडीच्या तोंडाशीं वाहत येतात. मग मोठ्या माशास मेजवानीच. एवढा हिशेब माझ्या नातवानेंहि केला होता. परंतु पहाटे दोन वाजेपर्यंत त्याच्या गळास एकदांहि ओढ लागली नाहीं. किनाऱ्यावर माणसेंहि फारशीं नव्हतीं.

पुढें पंधरा दिवसांनीं पिठोरी अमावास्या आली. सौ.नें खीरपुरीचें वाण नातवाच्या हातीं दिलें, आणि तो त्याच रात्रीं गळ घेऊन निघाला, तेव्हां तिनें माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचें वर्णन करीत नाहीं. अमावास्येचें उधाण पौर्णिमेसारखेंच, भरतीची वेळहि जवळ जवळ तीच. फरक काय तो उजेडाचा. आणि त्या काळोखांत किनारा माणसांनीं गजबजला होता! शेजारीं राहणारे एक वृद्ध गृहस्थहि तेथें भेटले. त्यांनीं नातवाच्या गळाचें पांढरें आमिष काढून तेथें काळें बांधावयास लावलें. अंधारांत काळें आमिष कोणास दिसणार, असें मीं विचारलें. तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें नातवानें मला उलगडून दाखविलें.

मासा आमिषाकडे खालून वर पाहतो. आकाश कितीहि काळें असलें तरी पाण्याहून उजळच असतें. त्या पार्श्वभूमीवर काळी आकृति पांढरीपेक्षां ठळक उठते. शिवाय या माशाची दृष्टि अंधुक प्रकाशासहि पुरते. त्यास चांदण्याची गरज नाहीं. उलट लख्ख चांदण्यांत त्यास दोरी दिसते, आमिषाचें सोंग कळतें. लहान माशांसहि तो दुरून दिसतो. म्हणून अशा रात्रीं तो पुष्कळदां खोल पाण्यांत किंवा खडकांच्या सांवलींत राहतो. काळोख पडला म्हणजे निर्धास्तपणें माणसाच्या पायांपर्यंत येतो. जाणते लोक पौर्णिमेनंतर चंद्र उगवण्यापूर्वीं आणि शुक्ल पक्षांत चंद्र मावळल्यावर जातात. मात्र काळोखालाहि एक दोष आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्यांतील सूक्ष्म जीव चमकूं लागतात. मग दोरी हलली तरी ठिणग्या उडाल्यासारखें दिसतें आणि मासा सावध होतो. चांदण्यांतच मासा चांगला लागतो असें म्हणणारेहि तेथें आहेत. वाद चालूच आहे.

साडेबाराच्या सुमारास नातवाचा गळ खेंचला गेला. मासा कांठाशीं आणल्यावर त्यानें हात ओले करून तो आडवा धरला आणि मापला: सव्वीस इंच. तेथील नियमाप्रमाणें समुद्रकिनारीं अठ्ठावीस ते एकतीस इंचांमधीलच मासा ठेवतां येतो, तोहि दिवसास एकच. त्यानें गळ सोडविला, मासा पाण्यांत थोडा वेळ धरला, आणि तो निसटून गेला. या कडक नियमांस कारण आहे. 1980 च्या सुमारास हा मासा इतका घटला कीं मेरीलँड राज्यानें 1985 पासून 1990 पर्यंत तो धरण्यास पूर्ण बंदी केली. 1995 सालीं तो सांवरल्याचें जाहीर झालें. 2019 सालीं तो पुन्हां घटल्याचें दिसून आलें.

परततांना चिरंजीवांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. याच प्लिमथ वसाहतीनें 1670 सालीं असा ठराव केला कीं, केप कॉडच्या किनाऱ्यावरील बास, मॅकरेल आणि हेरिंग या माशांच्या उत्पन्नांतून एक मोफत शाळा चालवावी. मास्तराच्या कानास ही गोष्ट गोड लागावयास हवी होती. परंतु माझें लक्ष त्या वृद्ध गृहस्थांच्या एका वाक्यांत अडकलें होतें. निघतांना ते हंसून म्हणाले होते, “काळोख्या रात्रीं मी घरीं सांपडत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत कोणाच्या उपयोगी पडत नाहीं.”

1987 सालीं मी कोंकणांतील एका बंदरावरच्या शाळेंत होतों. सातवीच्या वर्गांत एक कोळ्याचा मुलगा होता. भरती-ओहोटीचा धडा चालूं असतां तिथीच्या पाऊणपटीचा आडाखा त्यानेंच मला सांगितला होता, आणि मीं सर्व वर्गासमोर त्यास शाबासकी दिली होती. परंतु दर महिन्यास चार-सहा दिवस तो येत नसे. आला तर बांकावर झोंपे. मीं त्यास आळशी ठरविलें. एके दिवशीं पांच छड्या मारल्या आणि म्हणालों, “उद्यां आला नाहींस तर पुन्हां येऊंच नकोस.” तो आला नाहीं.

प्लिमथच्या त्या रात्रीं मला उमगलें कीं, ते दिवस अमावास्येच्या आगेंमागेंच येत असत. चांदण्यांत माशांस जाळें दिसतें म्हणून त्याचा बाप काळोख्या रात्रीं होडी काढी आणि मुलास बरोबर नेई. रोज सकाळीं तिथि-वार-नक्षत्र म्हणणारा मी; पण हजेरीपटावर इंग्रजी तारखा असत, आणि त्या तारखांखालची तिथि पाहावी असें मला कधीं सुचलें नाहीं.

परत आल्यावर मार्गशीर्षांत मी त्या बंदरावर गेलों. तो जाळें विणीत बसला होता. त्यानें मला ओळखलें, उठून नमस्कार केला, चहा मागविला. मीं जें सांगावयास आलों होतों तें सांगितलें. तो थोडा वेळ जाळ्याकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, “तिकडं उधाणाला पाणी किती चढतं, गुरुजी?”

“दहा-अकरा फूट.”

“आपल्याहून जास्तच. मग जाळीं कशीं टिकतात?”

“तेथें या माशाला जाळें लावूं देत नाहींत. गळानेंच धरावा लागतो.”

“गळच, तर मग चांदण्याची भीति कसली?”

मीं त्यास काळें आमिष, उजळ आकाश, खालून पाहणारा मासा, सर्व समजावून सांगितलें. वर्गांत ऐकावें तसें त्यानें तें ऐकलें, मधून दोन प्रश्नहि विचारले. मग हातांतील सुई पुन्हां चालवीत म्हणाला, “हें तेव्हां शिकवलं असतंत, गुरुजी, तर झोंप नसती लागली.”

तो हंसला. मला हंसतां आलें नाहीं.