पै, पुरवणी आणि पीडीएफ

अठराव्या शतकात दिल्ली दरबारी पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. अशा वकिलांच्या त्या काळच्या मोडी पत्रांत चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) किंवा तिथी असते, वर्ष मात्र बहुधा नसते. पत्र पावल्यावर त्याच्या पाठीवर ‘पै’ म्हणून पैवस्तीची तारीख टाकत, आणि पत्राचा काळ ठरवताना पुष्कळदा तीच कामी येते. मजकूर उरला तर वेगळ्या कागदावर पुरवणी. तिला बहुधा मायना नाही, तारीख नाही. अमक्या पत्राच्या घडीत ती होती, एवढाच तिचा पत्ता. लांब कागद असेल तर त्याचे बंद, म्हणजे तुकडे, एकमेकांना चिकटवत, सांध्यावर मागून शिक्का उठवत आणि शेवटी मोर्तब करत, म्हणजे मध्ये काही घुसवता येऊ नये आणि खाली काही वाढवता येऊ नये. कोणता कागद कोणाला लागून आहे, कोणत्या बाजूने आणि कोणत्या क्रमाने, हा दस्तऐवजाचाच भाग आहे हे त्या दप्तरी माणसांना पक्के ठाऊक होते. पुष्कळ पानांचा दस्तऐवज डिजिटल भांडारात ठेवताना आपण नेमका हाच भाग गमावत आहोत, असे माझे म्हणणे आहे.

जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 34 कोटींहून अधिक पाने आहेत. साठा सांगायचा तो पानांत, आणि स्कॅनिंगची कामेही एरवी पानामागे दर ठरवूनच दिली जातात. मोजायला पान सोयीचे, पण अभ्यासक मागतो ती नस्ती. सरकारी नस्तीला दोन अंगे असतात, टिपणी आणि पत्रव्यवहार, आणि दोहोंचे पृष्ठांक स्वतंत्र चालतात. टिपणीच्या समासात ‘23/सी’ असे लिहिले असेल तर ते पत्रव्यवहाराचे तेविसावे पान. दोन्ही अंगे एका पीडीएफमध्ये सलग ओतली की फाइलचे तेविसावे पान भलतेच निघते, आणि समासातला प्रत्येक संदर्भ आंधळा होतो. ब्रिटिश काळातल्या परराष्ट्र खात्याच्या कागदांना ‘के. डब्ल्यू.’ जोडलेले आढळतात. ‘कीप विथ’, म्हणजे सोबत ठेवण्याचे कागद. छापील कार्यवाहीत निर्णय कळतो. तो का झाला, हे पुष्कळदा या सोबतच्या टिपणांत असते. त्यांचे नावच सांगते की आम्हाला वेगळे करू नका.

सुट्या पानांचा मार्गही आपल्याकडे वापरून झाला आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पाचे एक मोठे स्कॅनिंग केंद्र नोएडाच्या सी-डॅकमध्ये होते. तिथे पुस्तक म्हणजे क्रमांक घातलेल्या टिफ प्रतिमांचा फोल्डर. या प्रकल्पाने जुनी पुस्तके घरबसल्या वाचायला मिळाली, हे ऋण मोठे आहे. पण क्रम फक्त फाइलींच्या नावात असेल, तर स्कॅन करताना एक पान सुटले तरी फाइलींचे क्रमांक अखंडच राहतात, आणि गळती दिसते ती वाचता वाचता वाक्य तुटल्यावर. याच्या उलट टोकाला आपण गेलो, त्यालाही कारण होते. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 2002 साली आणलेली डीस्पेस ही प्रणाली भारतीय विद्यापीठांत रुजली. तिच्यात दोनशे प्रतिमा चढवल्या, तर वाचकापुढे दोनशे दुव्यांची यादी उभी राहायची. ग्रंथपालांनी मग सगळी पाने एका पीडीएफमध्ये बांधली, यात नवल नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या भांडाराने प्रबंधाच्या प्रकरणवार फाइली केल्या. प्रकरणे लेखकानेच पाडलेली असल्यामुळे तिथे ते शोभते. नस्तीला किंवा रुमालात बांधलेल्या कागदांच्या जुडीला तशी प्रकरणे नसतात.

म्हणून प्रत्येक पानाची मूळ प्रतिमा वेगळी ठेवावी, कोऱ्या पाठीचीसुद्धा, आणि बांधणी स्वतंत्र नोंदफाइलीत लिहावी. लायब्ररी ऑफ काँग्रेस सांभाळत असलेला ‘मेट्स’ हा आराखडा यासाठीच आहे. त्यात एकच पान ‘नस्तीतले एक्केचाळिसावे’ आणि ‘पत्रव्यवहार 23’ अशा दोन्ही नात्यांनी नोंदवता येते. प्रतिमा दाखवण्याच्या ‘ट्रिपल-आय-एफ’ या मानक पद्धतीने त्याच प्रतिमा वाचकाला सलग चाळता येतात, आणि डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीच्या काळापासून ती सोय त्यातही आली आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ए-4 आकाराचे रंगीत पान 300 डीपीआयने स्कॅन केले तर 2480 गुणिले 3508 बिंदू होतात, म्हणजे दाबल्याशिवाय सुमारे 26 एमबी. दोनशे पानांची नस्ती पाच जीबीच्या पुढे जाते. पीडीएफ याच्या कितीतरी पट लहान होते. पण ही जागा प्रतिमेच्या दर्जाने घेतलेली आहे, पाने वेगळी ठेवल्याने नव्हे. काही न गमावता दाबण्याच्या पद्धती आहेत, आणि बांधणीची नोंद काही शे केबींत बसते. वाचकासाठी पीडीएफ अवश्य द्यावी. मूळ प्रतिमांवरून ती हवी तेव्हा करता येते. उलट प्रवास होत नाही, कारण दाबताना विरलेला फिकट ‘पै’ पुन्हा उमटत नाही. तालुक्याच्या वाचनालयाला मेट्स झेपणार नाही, हेही मान्य. त्यांनी ‘बॅगइट’च्या धर्तीवर फोल्डर, फाइलींची यादी आणि प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे ती बदलली का हे पडताळण्याचा अंक, एवढे ठेवावे, आणि सोबत क्रम, बाजू, कागदावरचा पृष्ठांक व शेरा अशा चार रकान्यांचा तक्ता.

उद्या यंत्रे क्रम आपोआप लावतील, असेही आता ऐकू येते. अक्षर, शाई आणि मजकूर यांवरून ती बरेच ओळखतील. पण पुरवणीचा पुरावा तिच्या मजकुरात नव्हता, घडीत होता, आणि घडी उलगडणाऱ्याला तो एकदाच दिसतो. ‘अमुक पत्राच्या घडीत सापडली’ ही ओळ त्याच क्षणी तक्त्यात चढायला हवी, आणि पानामागे दर देणाऱ्या कंत्राटात त्या ओळीच्या मेहनतान्यालाही रकाना हवा.