सर्दीला रजा नाही

रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘सर्दी’ लिहिलेली मी अजून तरी पाहिली नाही. ताप लिहितात, कंबर धरली लिहितात, गावाकडे कार्य आहे असंही लिहितात. सर्दीसाठी रजा मागायची आपल्यालाच लाज वाटते. माझी सर्दी तर चौदा वर्षांची. डॉक्टर तिला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, मग चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज, आणि साडेदहाला पतसंस्थेचं कॅश काउंटर.

बेळगावला कौतुकाने गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. पण पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या साड्या कुबट होतात आणि गाद्या-उशांतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे त्या ओलाव्यात मजेत वाढतात. माझं भांडण मुख्यतः त्यांच्याशी. लेजरची धूळ ही वरची भर.

त्यात आपल्याकडे शिंक म्हणजे अपशकुन. ठेव ठेवायला आलेले एक आजोबा माझी शिंक ऐकून पासबुक पिशवीत घालून बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी उठून आले, “आता घ्या ओ बाई.” रोजची पिग्मी भरणारी भाजीवाली मात्र आपुलकीने विचारते, “याक्री अक्कार, नेगडी आगेतेन्री?” आणि आलं-मिरे-गुळाच्या कषायाची कृती सांगते. त्याने घशाला बरं वाटतं, ॲलर्जी जात नाही. पण तिला हे कशाला सांगायचं? मी हो म्हणते.

२०२० नंतर मात्र हे हसण्यावारी राहिलं नाही. मी शिंकले की अख्खी रांग दोन पावलं मागे. वरिष्ठांनी सुचवलं, “तुम्ही काही दिवस आत रेकॉर्ड रूमला बसा.” सुचवलं चांगल्या मनानेच. पण तिथे पंचवीस वर्षांच्या फायली, एकच खिडकी आणि तीही बंद. शिवाय कॅशचा भत्ता जाणार तो वेगळाच. ही सर्दी एकाची दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. धारवाडकडच्या आमच्या सूनबाईने सुरेख कन्नडमध्ये अर्ज करून दिला. मी काउंटरवरच राहिले.

औषधांचं म्हणाल तर डॉक्टरांना आधी आपलं काम सांगावं. जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्यांनी पेंग येते, आणि नोटा मोजताना पेंग आली तर कमी पडलेली रक्कम पदरची भरायची! मला कमी झोप आणणारी गोळी मिळाली, ती रात्री घेते. नाकातला स्प्रे हा डोकेदुखीच्या गोळीसारखा नाही. रोज मारावा लागतो, पूरा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली फडताळात टाकणारे आमच्या ऑफिसातच तिघे आहेत. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. हे मला नर्सबाईंनी आरशासमोर उभं करून शिकवलं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपुढे टाकत राहिलं तर नाक उलट जास्तच चोंदतं.

बाकी घरचे उद्योग. दर रविवारी चादरी-अभ्रे कढत पाण्यात, ऊन पडलं की उशा गच्चीवर. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं. सासूबाईंना हा सगळा थाट वाटतो. पण हल्ली गच्चीवरच्या उशा त्याच उलटवतात.

सर्दी गेलेली नाही, जाणारही नाही बहुधा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची गर्दी असते तेव्हा रुमाल अजून दोन लागतात. परवा एका खातेदाराने नातवाच्या बारशाचा कुंदा आणून काउंटरवर ठेवला. डबा उघडायच्या आधीच मला वास आला.