पाठ टेकण्याची विद्या

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडयांचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेले असते, घरोघरी पाहुणे उतरलेले असतात, दिवसा दंडार आणि गोवाऱ्यांचा नाच, अन् रात्री मांडवात उजाडेपर्यंत नाटक. त्यामुळे दिवाळीआधीची आमची साफसफाई लक्ष्मीसाठी जितकी, तितकीच मंडईच्या पाहुण्यांसाठी असते.

यंदा त्या साफसफाईत माझी जुनी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली. मुलाने ती उघडली. आत दोन वस्तू निघाल्या. एक, पैलवानांची चित्रे असलेल्या पत्त्यांचा जुडगा; आणि दुसरी, सोनेरी कागद उडालेला पुठ्ठ्याचा राजमुकुट. मुकुटाकडे त्याने पाहिलेही नाही. पत्ते चाळता चाळता त्याने विचारले, "बाबा, हा हल्क होगन मधे दुसऱ्या कंपनीत गेला होता ना? ती कंपनी कुठे आहे आता?"

"बुडाली."

"का?"

मुलांच्या 'का'ला उत्तरे देण्यावरच माझे पोट चालते. पण या 'का'चे उत्तर देताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्या मुकुटाकडे जाऊ लागली.

गोष्ट १९९६ सालची. मी नुकताच दहावी पास झालो होतो. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. गावात केबल आली होती आणि किराणा दुकानाच्या ओसरीवरच्या टीव्हीपुढे रात्री आम्हा पोरांचा अड्डा जमे. लहान मुलांची कार्टुने संपली की त्याच वाहिनीवर अमेरिकेतल्या पैलवानांच्या कुस्त्या लागत. आमच्या वडिलांच्या पिढीने दारासिंग आणि किंगकाँगच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आमच्या वाट्याला होगन आला.

एका रात्री गावचे म्हातारे वस्ताद आमच्यात येऊन बसले. आमदंगलीत त्यांनी उभी हयात घालवली होती. पाच मिनिटे पाहून ते म्हणाले, "नुरा हाये रे, पोट्टेहो." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. आमचे चेहरे पडलेले पाहून वस्तादांना दया आली असावी. ते म्हणाले, "जितनाऱ्याले काय पाहता? पडनारा पाहा. थो कसबी हाये."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेत तेव्हा अशा कुस्तीच्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. एक व्हिन्स मॅकमहन यांची. तिचे आजचे नाव डब्ल्यू.डब्ल्यू.ई. दुसरी अटलांटा शहरातली डब्ल्यू.सी.डब्ल्यू. वाहिन्यांचे धनी टेड टर्नर यांनी ती १९८८ मध्ये विकत घेतली होती. मॅकमहनचा कार्यक्रम दर सोमवारी रात्री लागे. ४ सप्टेंबर १९९५ पासून टर्नरच्या कंपनीनेही आपला कार्यक्रम नेमका सोमवारीच, त्याच वेळी लावला. म्हणजे एका गावात, एकाच रात्री, समोरासमोर दोन मांडव! टर्नरकडे पैसा होता. त्याने समोरच्याचे नावाजलेले पैलवान एकामागून एक आपल्याकडे ओढले. होगन १९९४ मध्येच आला होता. १९९६ मध्ये केविन नॅश आणि स्कॉट हॉल आले. त्याच जुलैत लोकांचा लाडका होगन एकाएकी खलनायक झाला, आणि सारी अमेरिका डोळे विस्फारून पाहू लागली. सलग ८३ आठवडे टर्नरच्या मांडवात गर्दी जास्त होती.

आणि तरीही तोच मांडव उठला.

याचे कारण वस्तादांच्या वाक्यात आहे. नुरा कुस्तीत कुणी जिंकत नसतो. त्याला जिंकविले जाते. जुना मल्ल नव्याच्या अंगाखाली पाठ टेकतो, तेव्हा आपल्या नावाचा थोडा अंश त्याला देऊन उठतो. असे देणे चालू राहिले तरच कंपनीचा पिढीजात धंदा चालतो. टर्नरच्या कंपनीने होगनशी असा करार केला होता की, आपल्या कुस्तीचा निकाल काय लागावा यात त्याचा शब्द चाले. मग कोण कशाला पडेल? बिल गोल्डबर्ग नावाचा नवा मल्ल तिथे वर आला होता. १७३ कुस्त्या जिंकला आणि एकही हरला नाही, असा त्याचा डंका पिटला जाई. डिसेंबर १९९८ मध्ये त्याला पाडले ते नॅशने, म्हणजे जुन्यांपैकीच एकाने. आठवडाभरात, ४ जानेवारी १९९९ रोजी, भरल्या मैदानात होगनने नॅशच्या छातीला नुसते बोट लावले, नॅश धाडकन आडवा झाला आणि अजिंक्यपद पुन्हा होगनकडे! जुन्याने जुन्याला दिले, घरातले घरातच राहिले. लोक मात्र उठून समोरच्या मांडवात गेले.

समोर काय चालले होते? स्टीव्ह ऑस्टिन नावाचा एक मल्ल होता. १९९५ मध्ये दंडाला दुखापत झाली असताना टर्नरच्या कंपनीने त्याला काढून टाकले होते. मॅकमहनने त्याला जवळ केले. २९ मार्च १९९८ रोजी बोस्टनमध्ये त्याची गाठ अजिंक्यवीर शॉन मायकेल्सशी पडली. मायकेल्सची पाठ तेव्हा इतकी दुखावलेली होती की त्या रात्रीनंतर चार वर्षे तो मॅकमहनच्या आखाड्यात कुस्ती खेळला नाही. ती दुखरी पाठ त्याने ऑस्टिनखाली टेकली आणि पदक सोडले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १३ एप्रिलला, ८३ आठवड्यांचे पारडे फिरले.

केवळ एवढ्यानेच कंपनी बुडाली असे म्हणणे खरे होणार नाही. पैशाची उधळपट्टी होती. शेवटी शेवटी तर एका सिनेनटालाच अजिंक्यपद देऊन झाले होते. टर्नरच्या वाहिन्या दुसऱ्या मोठ्या व्यवहारात गेल्या आणि नव्या कारभाऱ्यांनी कुस्तीला जागा नाकारली. पण त्याआधीच, २००० च्या जानेवारीत, एडी गरेरो आणि त्याच्याबरोबरचे तिघे कसबी मल्ल उठून समोर निघून गेले होते. अखेर मार्च २००१ मध्ये ती सबंध कंपनी मॅकमहनने पन्नास लाख डॉलरांहूनही कमी किमतीत विकत घेतली. शेवटचा कार्यक्रम झाला २६ मार्चला.

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्यांनी जागा सोडली नाही, म्हणून?"

मी "हो" म्हणालो, आणि पेटीतला मुकुट उचलून जरा लांब ठेवला.

आमच्या गावातही दोन नाट्यमंडळे होती. एक आमच्या टोलीचे, एक पलीकडच्या टोलीचे. मंडईच्या रात्री दोघांचेही मांडव पडत. आमच्या नाटकात राजा मी होतो. एक दोन नव्हे, तब्बल दहा वर्षे. माझ्याच वर्गातून निघालेला एक पोरगा आमच्यात होता. त्याचा आवाज असा की शेवटच्या रांगेतली झोपलेली म्हातारी उठून बसावी. त्याला मी दरसाल भालदार करीत असे. एका वर्षी तालमीच्या पहिल्या दिवशी त्याने हळूच विचारले, "यंदा बी राजा तुमीच का जी, गुरुजी?"

मी म्हणालो, "तुझे वय आहे अजून."

वय त्याचे नव्हते, माझे होते. दुसऱ्या वर्षी तो पलीकडच्या मांडवात राजा झाला. पुढे वडसा-देसाईगंजच्या एका नाटक कंपनीत गेला. आमचा मांडव दोन-तीन वर्षांत ओस पडला आणि मग पडेनासाच झाला. त्यांच्याकडे पैसा आला, त्यांनी बाहेरून रोषणाई आणली, असे मी इतकी वर्षे लोकांना सांगत आलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला कारणे रचणे जड जात नाही.

शिष्याकडून हार व्हावी अशी गुरूने इच्छा धरावी, असे आपले जुने लोक सांगत आले. वर्गात मीही हे शिकवितो. तो पोरगा आता चाळिशीकडे झुकला आहे. मंडईला गावी आला की मला वाकून नमस्कार करतो. मी आशीर्वाद देतो. त्याला जे म्हणायला हवे, ते अजून माझ्या तोंडून निघालेले नाही.

परवा टोलीतली पोरे वर्गणीला आली. यंदा त्यांनी आमचे मंडळ पुन्हा उभे करायचे ठरविले आहे. वर्गणी घेऊन झाल्यावर ती जराशी घुटमळली. एक भूमिका रिकामी आहे म्हणाली, म्हाताऱ्या सेनापतीची. दुसऱ्या अंकात तरुण राजपुत्र त्याला तलवारीच्या एका घावात पाडतो.

"पडताना आवाज जोराचा यायला पाहिजे, गुरुजी," एकाने बजावले.

मी होकार दिला आणि पेटीतला मुकुट त्यांच्या हवाली केला. सोनेरी कागद नवा लावून घ्या म्हणालो. रोज रात्री जेवणानंतर ओसरीवर गोधडी टाकून मी पडण्याची तालीम करतो. मुलगा पत्ते हातात घेऊन पंच होतो आणि दर वेळी सांगतो, "बाबा, अजून नीट पडत नाही तुम्ही. हात आधी टेकता."

त्याचे खरे आहे. सवय नाही अजून.