पाच ओंब्या

युक्रेनमधल्या पोल्तावाच्या पुढे मार्श्रुत्का, म्हणजे तिथली वडाप, थांबली आणि मी उतरलो तो थेट शेतात शिरलो. 2019 चा ऑगस्ट संपत आला होता. गहू निघून गेलेला, रान नांगरून पडलेलं, पलीकडे सूर्यफुलं माना टाकून उभी. मी वाकून मूठभर माती उचलली.

मी परभणीकडचा. काळ्या रानाचं अप्रूप मला असायचं कारण नाही. पण ही माती काजळासारखी काळी आणि मुठीत दाबली तरी भुसभुशीत! आपली काळी बेसॉल्ट झिजून झालेली. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, पावसात ती पायाला सोडत नाही. ही मात्र हजारो वर्षं माळावरचं गवत कुजून कुजून झालेली. ओढ्याकाठी दरड तुटली होती, तिथे या मातीचा थर माझ्या कमरेच्या वर आला. तिला तिकडे चोर्नोझेम म्हणतात. अर्थ विचारला तर सोबतची दुभाषी मुलगी म्हणाली, "काळी जमीन." आपणही शेताला काळीच म्हणतो की! इतक्या दूर येऊन आपलाच शब्द भेटल्यासारखं वाटलं.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी, बाबुस्यांनी, भरतकाम केलेल्या पंच्यावर पाव आणि मीठ ठेवून दारात स्वागत केलं. आत कोपऱ्यात देवाची तसबीर आणि जवळच तारास शेवचेन्को यांची. वेठबिगाराच्या पोटी जन्मलेला हा कवी. 1838 साली 2500 रुबल मोजून त्याला मोकळं करावं लागलं. पुढे कवितांपायी रशियाच्या झारने त्याला हद्दपार केलं, वर लिहायची आणि चित्रं काढायची मनाई. 1876 मध्ये तर युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापण्यावरच बंदी आली. त्याच्याआधी, 1775 साली, रशियाच्याच राणी कॅथरीनने इथल्या लढवय्या कोसॅकांचं नीपर नदीकाठचं ठाणं मोडून टाकलं होतं. जमीन सोन्यासारखी, म्हणून धनी व्हायला जो तो टपलेला.

जेवण झालं. आजींनी बोट ओलं करून टेबलावरचा पावाचा चुरा टिपला, कण न् कण, आणि तोंडात टाकला. मी बघत राहिलो. दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, "आजींची आई तेहतीस सालातून वाचलेली."

कीव्हला परतल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळला. नीपरच्या उंच काठावर होलोदोमोरचं स्मारक आहे. होलोद म्हणजे भूक, मोर म्हणजे मरण. दाराशीच एका लहान मुलीचा ब्राँझचा पुतळा आहे. काटकुळे हात छातीशी धरलेले आणि हातात गव्हाच्या पाच ओंब्या. भोवती जात्यांचे दगड, दळायला दाणा नसलेले. तिच्या पायाशी कुणीतरी एक सफरचंद ठेवलं होतं.

ओंब्या पाचच का? 7 ऑगस्ट 1932 च्या सोव्हिएत कायद्याने सामुदायिक शेतातलं धान्य उचलणाऱ्याला मृत्युदंड, दया दाखवली तर दहा वर्षं कैद. लोक त्याला 'पाच ओंब्यांचा कायदा' म्हणत. आमच्याकडे कापणी झाली की बायापोरं सरवा वेचतात. कुणी अडवत नाही. तिथे सरवा वेचणं चोरी ठरलं, स्वतः पेरलेल्या रानात.

बहात्तरच्या दुष्काळाच्या हकिकती ऐकत मी वाढलो. तेव्हा आभाळ फिरलं होतं. युक्रेनमध्ये 1932 चं पीक कमी आलं होतं हे खरं, पण घरातलं उरलंसुरलं धान्य सरकारी टोळ्यांनी जमिनीत सळया खुपसून शोधून नेलं. जानेवारी 1933 मध्ये शेतकऱ्यांना बाहेर पडायचे रस्ते बंद केले. परदेशात धान्य पाठवणं चालूच होतं. त्या कमरेएवढ्या काळ्या मातीवर 35 ते 40 लाख माणसं मेली. याला दुष्काळ म्हणू नये. ही माणसांनी केलेली हत्या आहे.

पुढे पन्नासेक वर्षं त्याबद्दल बोलायचीही चोरी होती. आता दर नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, लोक घराच्या खिडकीत मेणबत्ती लावतात. गावाहून निघताना आजींनी मला त्यांची खिडकी दाखवली होती. चौकटीवर जुन्या मेणाचे ओघळ होते.