आयरिसचा कंद

ओहायोतला हिवाळा ओसरून आयरिसची निळी फुले येऊन गेली आणि ज्येष्ठ सरता सरता एका झाडाचा पानांचा पंखा, वरून बराचसा हिरवा असतानाही, केवळ हाताच्या स्पर्शाने आडवा झाला. बुडाची माती सारताच उग्र दुर्गंध आला. कंदाची साल शाबूत होती, परंतु आतल्या गराचा पिवळट लगदा होऊन तो बोटांवर ओघळत होता.

पेक्टोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे पेक्टिनच विरघळवतात, आणि त्यांना आत शिरण्यास लागणारी जखम या प्रदेशात बहुधा कंद पोखरणारी अळी करून देते, हे मला ठाऊक होते; तरीही मन त्या शाबूत सालीपाशीच रेंगाळले. चेहऱ्यावरचा तजेला पाहून आपण किती आप्तांची विचारपूसच करीत नाही, हा विचार आला आणि अपुराच राहिला.

कंद उपटून, पांढरा टणक गर लागेपर्यंत सडका भाग कापला. प्रत्येक कापानंतर सुरी ब्लीचच्या १० टक्के द्रावणात बुडवली आणि उरलेला तुकडा जखमा सुकेपर्यंत उन्हात ठेवला. आत मुरलेल्या कुजीवर फवारणीची मात्रा चालत नाही.

आयरिस लावणाऱ्यांनी पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी, कंदाची पाठ मातीबाहेर उन्हात राहील अशी तजवीज करावी, आणि अळीची अंडी ज्यांवर हिवाळा काढतात ती वाळलेली पाने वसंतापूर्वीच काढून टाकावीत.